अकरा शिट्ट्या

माझी वहिनी दिवसभर दातांच्या कवळ्या बनवते आणि शनिवारी संध्याकाळी लोकांसमोर कॉम्प्युटरवर ओळी टाइप करून संगीत वाजवते. ओळ बदलली की सूर बदलतो, आणि प्रत्येक ओळ मागच्या भिंतीवर सगळ्यांना दिसते. काहीही लपवायचं नाही, असा त्या मंडळींचा दंडकच आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा मी तोंडावर म्हणाले होते, "वहिनी, हे तर विजेचं बिल भरल्यासारखं दिसतंय." ती खो खो हसली होती. तेव्हा दादा होता.

दादा घरी आला की बेल वाजवायचा नाही, शिट्टी मारायचा. तो गेल्यावर फोनमध्ये त्याच्या शिट्टीचे अकरा तुकडे सापडले, सगळे मिळून जेमतेम पाऊण मिनिट. तेवढ्यावर मशीनला त्याची शिट्टी शिकवायची आणि त्याने कधीच न मारलेली एक तरी ऐकायची, हे वहिनीच्या डोक्यात बसलं.

"अगं, इतरांच्याही शिट्ट्या घाल की. एवढ्याशावर ते काय शिकणार?" मी म्हटलं.

"मग ती त्याची कशी राहील?"

म्हणून तिने एकही तुकडा वगळला नाही. हॉस्पिटलातले शेवटचे चारसुद्धा.

त्या शनिवारी मी पहिल्या रांगेत होते. शिट्टी आली. नवी होती आणि अगदी दादाची होती. पण प्रत्येक शिट्टीआधी मशीन धाप टाकत होतं. लोकांना तो ठेका वाटला, त्यांनी त्यावर टाळ्या धरल्या. एकेकाच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं मला.

ती धाप वहिनीच्याही लक्षात आली. भिंतीवर दिसत होतं, तिने हॉस्पिटलातले चारही तुकडे काढून टाकले आणि उरलेल्या सातांवर मशीनला पुन्हा शिकायला बसवलं. शिट्टी आली. धाप तशीच होती.

मग तिने ते सातही तुकडे मोठ्या आवाजात एकेक करून लावले. सगळ्यात जुना, आजार कळायच्या दोन वर्षं आधीचा, त्यातही ती धाप होती. बारीकशी, पण होती. टाळ्या कधीच थांबल्या होत्या.

तिने मशीन बंद केलं आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"रोज ऐकायचे गं मी," ती म्हणाली. "सूर तेवढा ऐकायचे."

मी तिचा हात धरला. माझा तर तो सख्खा भाऊ होता, आणि मीही सूरच ऐकत आले होते.