नेचेमामांचं घरचं हवामान खातं

बागेत सगळे त्यांना नेचेमामा म्हणत. दाट झाडीच्या सावलीत, ओढ्याकाठच्या ओलीत, त्यांनी परदेशातून आलेले एकेचाळीस वृक्षनेचे वाढवले होते. केसाळ खोड आणि वर छत्रीसारखी पानं. वर्षाला जेमतेम बोटभर वाढणारं हे झाड! या झाडांपायी मामांनी तीस वर्षांत ना धड सुट्टी घेतली, ना कुणाचा पाहुणचार. पोटी मूल नव्हतं, जीव कुठेतरी लावायचाच होता.

वृक्षनेच्याचा सगळा प्राण शेंड्यातल्या गाभ्यात. तो गेला की झाड गेलं. म्हणून थंडी पडली की मामा शिडी लावून प्रत्येक गाभ्यात कोरडा पेंढा भरत. खरी मेख होती तो काढण्यात. लवकर काढला तर गारठ्याने कोंब करपतात, उशीर झाला तर ओलीने आतून सडतात. मामी ज्या सकाळी शाल घडी करून कपाटात ठेवी, त्याच दिवशी मामा पेंढा काढत.

"आमचं हवामान खातं घरीच आहे," ते छाती फुगवून सांगत.

"खात्याचं ऐकता, तसं जेवायला हाक मारल्यावरही ऐकत जा," मामी म्हणे.

हे खातं कधीच चुकलं नव्हतं.

यंदा मात्र शाल काही उतरेना. दोनदा पाऊस झाला, ऊन तापलं, बाकीचे माळी घामाघूम झाले.

"मामा, पेंढा अजून तसाच?" एका माळ्याने विचारलं.

"मामीला थंडी वाजतेय अजून. तुला काय कळतं त्यातलं?"

शेवटी शेंड्यांतून वास यायला लागला, तेव्हा मामा शिडीवर चढले. पेंढ्याखाली हात घातला, तर कोवळ्या कोंबांच्या जागी काळा चिखल. दुसऱ्यातही तेच, दहाव्यातही तेच. एकेचाळिसाव्यातही तेच. भर दुपारी ते तडक घरी निघाले, जन्मात पहिल्यांदा बायकोवर ओरडायला.

मामी अंगणात उन्हात बसली होती, गळ्यापर्यंत शाल ओढून. दात वाजत होते. मामांनी तिच्या कपाळाला हात लावला आणि ओरडायचं राहूनच गेलं.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागद चाळले. मग म्हणाले, "फार उशीर केलात हो. आता हातात काही नाही. ही थंडी कधीपासून वाजतेय यांना? तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

लक्षात आलं होतं. दोन महिने ते रोज सकाळी न चुकता तिच्याकडे बघत होते, बाहेर हवा कशी आहे ते कळावं म्हणून.