सुभेदार भिमाजींचा चुकलेला सलाम

सुभेदार भिमाजी उघड्यांचा खरा आवाज वारूळवाडीत कुणी ऐकलाच नव्हता. फौजेतली शेवटची सहा वर्षं त्यांनी अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत काढली, कवायत शिकवणारे उस्ताद म्हणून. तिथली रीतच न्यारी. समोर मिसरूड फुटलेली कॅडेट पोरं, पण उद्याची साहेबमंडळी. म्हणून उस्तादानं त्यांना 'आप' आणि 'सर' म्हणायचं, आणि त्याच तोंडानं चिखलात लोळवायचं. "सर, आप गधे की तरह चल रहे हैं, सर!" भिमाजी घरी अशी नक्कल करून दाखवत तेव्हा त्यांची बायको कुशाबाई पदर तोंडाला लावून हसायची. "गाढाव बी म्हनायचं आन् सर बी? कसली वो तुमची फौज!"

सलाम मात्र त्या पोरांना नाही. शिक्षण संपून खांद्यावर अधिकाऱ्याचा सितारा लागला की मग सलाम, आणि त्या दिवशी उस्तादच पुढे होऊन तो ठोकायचा. भिमाजींना यात कमीपणा वाटत नसे. त्यांच्या वडिलांना, चिमाजींना वाटे. छप्पन साली धम्म घेतल्यावर चिमाजींनी पाटलांच्या ओट्यापुढं वाकून जोहार घालणं सोडलं होतं, आणि त्यापायी दोन वर्षं गावात कुणी त्यांना कामाला बोलावलं नव्हतं. "आमी जोहार सोडला, आन् तू पोरासोरांला सलाम ठोकतो व्हय रं?" म्हातारा करवादायचा. भिमाजी समजूत घालत, "आबा, सलाम मान्साला नसतो. सिताऱ्याला असतो. आन् सितारा घाम गाळून मिळतो, घराण्यावर न्हाई." म्हाताऱ्याला हे पटायला चार वर्षं लागली, पण पटलं. त्याच समाधानात तो गेला.

भिमाजी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. नव्व्याण्णवचा डिसेंबर होता. त्याच ओट्यावरच्या रखमाजी पाटलांचा नातू सार्थक मिलिटरीत साहेब झाल्याची आवई उठली आणि शाळेच्या पटांगणात सत्कार ठरला. पोरगा कधी गेला, किती शिकला, हे त्या घरी जाऊन विचारावं एवढा भिमाजींचा तिथं घरोबा नव्हता. पण माजी सैनिक म्हणून बोलावणं आलं. त्यांनी फौजेची टोपी घातली, छातीवर पदकं लावली आणि लेकीला, अमृताला घेऊन निघाले.

मांडवाच्या तोंडाशीच जीप थांबली. सार्थक उतरला. कडक इस्त्रीचा हिरवा गणवेश, खांद्यावर चमकता सितारा. भिमाजींनी विचार केलाच नाही. चोवीस वर्षांच्या सवयीत विचार कुठला? टाचा जुळल्या, हात टोपीला लागला. "जय हिंद, साब!"

पटांगणातल्या माना वळल्या. मग मंचावरून माईकमधून रखमाजींचं हसू आलं. "बगा मंडळी! चिमाजीनं सोडलेला जोहार त्याच्या पोरानं आज परत घातला!"

लोक हसले. पुढच्या दोन रांगा तर खळखळून हसल्या. भिमाजींच्या कानशिलात कुणी वाजवावी तसं झालं. "अण्णा, हात खाली घ्या," अमृता दातओठ खात म्हणाली.

हात खाली येईना. कारण भिमाजींची नजर आता पोरावर स्थिरावली होती. सलाम घ्यायला त्याचा हात अर्धाच वर आला होता आणि डोळे जमिनीत रुतले होते. खांद्यावरचा सितारा तिरका टाचलेला. टोपीखाली अकादमीतल्या नव्या पोरांची असते तशी भादरलेली हजामत.

"शिक्षणाचं कुठलं सत्र, सर?" भिमाजींनी हळूच विचारलं.

"पहिलं," सार्थक पुटपुटला. "आजोबांनी पुण्याहून आणवला सितारा. लोकांना दिसायला पायजे म्हणाले."

सितारा खोटा, म्हणजे सलाम कुणाला गेला? पोराला. घराण्याला. पाटलांच्या ओट्याला! म्हाताऱ्याला चार वर्षं घोकून घोकून पटवलं, ते एका क्षणात मातीत गेलं. मग बेंबीच्या देठापासून तो आवाज निघाला.

"कॅडेट! सावधान!"

माईकला लाजवेल असा आवाज. सार्थकच्या टाचा खाडकन जुळल्या, छाती पुढं, हनुवटी वर. सगळ्या गावादेखत पाटलांचा नातू भिमाजी उघड्यापुढं खांबासारखा ताठ उभा राहिला.

"सर, ये सितारा आपका नहीं है, सर. उतारिए."

"ए भिमा!" रखमाजी ओरडले. "जागा इसरला का रं?"

"आजोबा, गप बसा!" सार्थक मान न वळवता म्हणाला. "हे उस्ताद आहेत." लोकांची तोंडं उघडीच राहिली, त्या घरात आजोबांना गप बसवणारा अजून जन्मायचा होता. पोरानं दोन्ही खांद्यांवरचे सितारे काढून भिमाजींच्या हातात ठेवले.

रखमाजी काठी टेकत मंचावरून खाली आले. मघाचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं; खोटा सितारा फौजेला कळला तर काय होईल, हे आता त्यांच्या ध्यानात आलं होतं. "सुभेदार," ते चाचरत म्हणाले, आणि हा शब्द त्यांच्या तोंडून गावानं पहिल्यांदाच ऐकला, "पोराचं शिक्षान तर न्हाई ना बंद व्हनार? तुमी वर काय कळवू नगा."

"मी न्हाई कळवत. त्यो सोता जाऊन सांगंल."

"सांगतो, उस्ताद," सार्थक म्हणाला.

आणि त्यानं सांगितलंही. शिक्षा म्हणून त्याला एक सत्र मागं टाकलं, हे पुढं उन्हाळ्यात कळलं.

त्या दुपारी घरी चालताना अमृताच्या अंगात वारं शिरलं होतं. "जिरवली, अण्णा! तुम्हाला सुभेदार म्हणायला लावलं."

भिमाजी थांबले. त्यांनी मूठ उघडून सितारे पाहिले.

"सितारा उतारला गं त्यानं," ते म्हणाले. "म्या घातलेला सलाम कसा उतारू?"