बिबट्यावर चार्ज झालेली बॅटरी

शिरूरहून निघालो तेव्हा गाडीत मी, आहेराचं पातेलं आणि गाण्यांचा असा दणका, की घोडनदीचं पाणी दोन हात मागं सरकलं. संध्याकाळी दौंडला भाचीचं लग्न. मामानं हात धरून आणल्याशिवाय आमच्यात नवरी बोहल्याकडं पाऊल टाकत नाही. म्हणजे सगळं लग्न माझ्यावाचून अडणार!

न्हावऱ्याच्या पुढं कडुलिंबाखाली दहा मिनिटं पडलो. गाणी चालूच. दोन तासांनी उठलो तर बॅटरी ठार. गाडी ऑटोमॅटिक, त्यामुळं धक्का मारूनही उपयोग शून्य.

शेजारच्या रानातून एक फेटा आला. फेटा एवढा मोठा, की खाली आबा आहेत हे नंतर कळलं.

"काय पावनं, सासुरवाडीला व्हय?"

"भाचीच्या लग्नाला. मामा आहे मी."

"मंग हितं थांबून कसं चालंल?"

आबांनी झटका मशीनचं (रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत वीज सोडणारा डबा) सोलर पॅनल उपसून आणलं, मैलाच्या दगडाला टेकवलं आन् वायरी बॅटरीला जोडल्या. "भाकरी खावा तवर. ऊन काम करतंय."

ठेचा तर असा, की त्याच्यावरच गाडी सुरू झाली असती.

पण येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबायचा, "काय झालं?" म्हणत पॅनलवर वाकायचा. वाकला की सावली, सावली पडली की चार्जिंग बंद! "आरं, सावली काढा!" आबा ओरडले. ते का ओरडले हे बघायला आणखी वीस जण आले. चार वाजले. बहिणीचा फोन आला, "दादा, नवरी तयार आहे. तू कुठं आहेस?"

तेव्हा आबा हळूच म्हणाले, "त्या पल्याडच्या उसात बिबट्या हाय म्हनं."

मला वाटलं, पळतील. छे! अख्खी गर्दी मोबाईल काढून उसाकडं धावली. पॅनल उन्हात एकटं. पाऊण तासात गाडी गुरगुरली.

दौंडला पोचलो तर मांडवात नवरदेवच नाही! वऱ्हाडाची बस माझ्याच मागून येत होती. बिबट्या बघायला सगळे उतरले होते, नवरदेवासकट. मी भाचीचा हात धरून अर्धा तास रुबाबात उभा. "मामा किती वेळेवर!" म्हणाले लोक.

दुसऱ्या दिवशी परतताना आबांना पेढे द्यायला थांबलो. भरदिवसा झटका मशीन चालू, आबा पत्र्याच्या खोलीत, आतून कडी.

"आबा, तो बिबट्या तुम्हीच सोडलात की!"

खिडकीत फेटा हलला. "व्हय. पर शंभर मानसांनी बघितला म्हनत्यात. येवढी मानसं खोटं बोलत्यात व्हय?"

मी मोठ्यांदा हसलो. प्रवासात थाप जरूर मारावी, पण मारली त्याच रस्त्यानं परत येऊ नये. पेढे कुंपणावरून फेकले, गाडीत बसलो, काचा वर घेतल्या. शिरूरपर्यंत गाणी बंद.