पंधरापैकी दोन: एका राबाची फेरतपासणी

साखरशेतची सुनंदा, बीए तिसरं वर्ष, विषय मराठी. तिच्यावर अन्याय झाला तो निकालाच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. जव्हारच्या आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात, माझ्याच मोबाइलवर तिने निकाल बघितला. कथा-कादंबरीच्या पेपरात शंभरापैकी चौतीस. पास व्हायला चाळीस लागतात.

"सर, परत बघा ना. नंबर चुकला असंल."

नंबर बरोबर होता. बाकी सगळ्या पेपरांत ती साठच्या पुढे होती.

बीएडच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. पास झाल्याची मार्कशीट द्यायची शेवटची मुदत महिन्याभराने येणाऱ्या शुक्रवारची. मार्कशीट नाही तर जागा दुसऱ्याला. मग घरचा दुसरा बेत तयारच होता. मोठी बहीण सिल्वासाला एका कंपनीत पॅकिंगला जाते, तिच्याबरोबर हीही जाईल. अशा गेलेल्या सात-आठ मुली मला नावानिशी माहीत आहेत. पुढच्या वर्षी पेपर देते म्हणून सगळ्याच सांगून जातात. दिला एकीनेही नाही.

मी या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. म्हणजे तास झाला तर सर, नाही झाला तर कुणी नाही. उरलेल्या वेळात पत्रकं काढतो. होस्टेलचं पाणी, मोखाड्याची बंद केलेली एसटी, वेळेवर न येणारी स्कॉलरशिप. मोर्चे, निवेदनं, ठिय्या, सगळं करून झालंय. संताप हे माझं कामाचं हत्यार आहे, ते मी लपवत नाही.

आम्ही उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली. ती विद्यार्थ्याला मागता येते, अर्ज करावा लागतो. निम्म्या मुलांना हे माहीतच नसतं. नऊ दिवसांनी आली. पहिलं पान उघडलं आणि माझं डोकं सणकलं. पंधरा गुणांचा मोठा प्रश्न, त्याला दोन. समासात शेरा: 'कथा समजलेली नाही.'

प्रश्न असा होता: यमुना या व्यक्तिरेखेच्या संदर्भात कथेच्या शेवटी येणाऱ्या आगीचं प्रतीक उलगडून दाखवा.

प्रतीक म्हणजे काय, हे साध्या भाषेत सांगतो. कथेतली एखादी वस्तू किंवा घटना स्वतःपुरती असतेच, पण तिच्या आडून लेखक आणखी काहीतरी सुचवत असतो. ते ओळखायचं आणि कथेतल्याच पुराव्यानिशी मांडायचं. पुरावा महत्त्वाचा. नाहीतर कुणीही उठून काहीही म्हणेल.

कथा थोडक्यात अशी. डोंगरातल्या गावची यमुना. नवरा शहरात कामाला गेला तो परतला नाही. दीर रोज टुमणं लावतो, माहेरी निघून जा. ती उत्तर देत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी एका दुपारी ती शेतात आग लावते आणि धुरात बसून रडते. संपली कथा. गाइड म्हणतं: यमुना शेत जाळून टाकते, आग हे विनाशाचं आणि सूडाचं प्रतीक.

सुनंदाने लिहिलं होतं: 'यमुना शेत जाळत नाही. ती राब भाजते.'

मी त्याच दुपारी पत्रक लिहायला घेतलं. 'डोंगरातल्या मुलींच्या उत्तरांना शहरी पेनाची फुली!' प्राचार्यांनी ते माझ्या टेबलावर वाचलं.

"अहो, वर्षात हे कितवं?"

"सातवं, सर."

"आणि फेरतपासणीचा अर्ज? तो कितवा?"

अर्ज केलाच नव्हता.

"तो पहिला करा," ते म्हणाले. "पत्रकावर गुण मिळत नाहीत."

मला राग आला. पण अर्ज भरला आणि सही घ्यायला साखरशेतला गेलो. सुनंदाची आई पडवीत नाचणी पाखडत होती. मी तिला सगळा प्रकार सांगितला. गाइडमधला यमुनेचा शेवटही सांगितला. सूप थांबलं.

"शेत जाळील कोण? येडी हाय का ती?"

"पुस्तकात तसं दिलंय, मावशी."

"आधी झाडांची कवळं तोडली का नाय तिनं? शेण टाकलं का नाय?"

सुनंदा आतून पुस्तक घेऊन आली आणि वाचायला लागली. यमुना दोन महिने झाडांच्या फांद्या तोडून आणते. शेणाचा थर देते, त्यावर फांद्या, त्यावर पातेरा, म्हणजे वाळका पाला. सगळ्यात वर माती पसरते. वाऱ्याच्या उलट्या अंगाने पेटवते. हातात हिरवा डहाळा धरून उभी राहते.

"मंग राबच तो," आई म्हणाली आणि परत सूप हातात घेतलं. तिच्या दृष्टीने समीक्षा संपली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भात आणि नाचणीचं रोप जिथे करायचं तो तुकडा पेरणीआधी भाजून घेतात. तण जळतं, रोप जोमानं येतं. त्याला राब म्हणतात. राब भाजणारा माणूस शेत सोडून चाललेला नसतो. तो यंदा पेरणार असतो.

आता खरं सांगायची वेळ आली. गाइडवर, तपासनीसावर, विद्यापीठावर मी तोंडसुख घेत होतो, पण 'आग म्हणजे विनाश' हे वाक्य वर्गात मीच सांगितलं होतं. वहीत लिहूनही दिलं होतं. माझं घर जव्हारात, वडिलांचं किराणा दुकान. दर उन्हाळ्यात समोरचे डोंगर धुराने भरतात आणि आम्ही खिडक्या लावून घेतो. फांद्यांची आणि मातीची ती दीड पानं मी 'वर्णन' म्हणून वर्गात सोडून दिली होती. तिथेच तर पुरावा होता.

"तू वर्गात का नाही बोललीस गं?"

"तुम्ही लिवून देत होता, सर. फळा पुसायची घाई होती तुम्हाला."

"मग परीक्षेत तरी मी सांगितलं ते लिहायचं."

"खोटं कसं लिवू?" मग तिनंच विचारलं, "सर, तुम्ही दुसरं पान वाचलं का?"

नव्हतं वाचलं. शेरा बघून पेटलो होतो, पान उलटलंच नव्हतं. त्या रात्री ते पान वाचलं आणि पत्रक फाडलं. दोषींच्या यादीत पहिलं नाव माझं घालावं लागलं असतं.

फेरतपासणीत तेच दोन गुण आले. दुसऱ्या तपासनीसाकडेही तीच मॉडेल आन्सर होती. मॉडेल आन्सर म्हणजे तपासणाऱ्यांना दिलेलं नमुना उत्तर. त्याच्याशी जुळलं तर गुण. आता उरली तक्रार समिती. सुनावणी मिळाली ती त्या शुक्रवारच्या आदल्या सोमवारी.

पहाटेच्या जीपने सुनंदा आणि मी विद्यापीठात जायला निघालो. समितीच्या तीन खुर्च्या, बोलणाऱ्या मात्र एकट्या मॅडम. पांढरे केस, चष्मा दोरीला. मी उभा राहिलो.

"वर्षानुवर्षं डोंगराळ भागातल्या विद्यार्थ्यांवर..."

"भाषण नको. पान सांगा."

मी पान सांगितलं. त्यांनी कथा उघडली, पण वाचली नाही. "ही कथा मी शिकवली आहे. आग हे विनाशाचं प्रतीक आहे, यावर आजवर कुणी शंका घेतलेली नाही."

माझ्या ओठांवर आलं होतं, की शंका घेणाऱ्याला दोन गुण देता म्हणूनच. सुनंदाने माझ्या बाहीला धरलं आणि स्वतः उभी राहिली.

"मॅडम, शेत पेटवूनच द्यायचं होतं तर तिनं वर माती कशाला टाकली असती?"

मॅडमनी चष्मा लावला. दीड पान वाचलं. परत वाचलं.

"मातीने काय होतं?"

"आग दबून चालते. भडकत नाय. आणि वाऱ्याच्या उलटं लावली की हळू जळते. हातात डहाळा असतो तो आग बांधाच्या भायेर जाऊ नये म्हणून."

"बरं. मग ती रडते का? पेरणीची तयारी करणारी बाई रडेल कशाला?"

हा प्रश्न खरा होता. शिक्षकाने विचारावा असा.

"लिवलंय, मॅडम. दुसऱ्या पानावर."

मॅडमनी मूळ उत्तरपत्रिका उलटली. पहिल्या पानावर लाल पेनच्या रेघा होत्या. दुसऱ्या पानावर ठिपकासुद्धा नव्हता; फोटोकॉपीत सगळी शाई एकाच रंगाची, म्हणून ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. त्यांनी मोठ्याने वाचलं: 'दर वर्षी राब नवरा भाजायचा आणि ती डहाळा धरायची. यंदा दोन्ही कामं तिनेच केली. म्हणजे तो येणार नाही हे तिने मान्य केलं. धुराचं निमित्त करून ती त्याच्यासाठी शेवटचं रडते. आगीत तिची वाट बघणं जळतं, शेत नाही.'

मॅडमनी कागद खाली ठेवला.

"हे मला सुचलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मग शेजारच्या सदस्यांकडे वळल्या. "आणि हे पान तपासलेलंच नाही. दोन्ही वेळा. लिहून घ्या."

नियमाने तेवढं कारण पुरलं. न तपासलेलं पान म्हणजे नव्याने तपासणी. निघताना मॅडमनी सुनंदाला विचारलं, "राब कधी भाजतात? बघायला येता येईल?"

"या की. पण सुती साडी नेसून या, ठिणग्या उडतात."

बुधवारी संध्याकाळी निकाल आला. पंधरापैकी अकरा. एकूण त्रेचाळीस. सुनंदाने फोनवर एवढंच विचारलं, "म्हणजे आता मी बीएडला जाऊ?" मी हो म्हणालो आणि मग बराच वेळ कॉलेजच्या पायरीवर नुसता बसून राहिलो. आंदोलन जिंकल्यावर घोषणा सुचतात. त्या दिवशी पाय हलके झाले आणि भूक लागली, एवढंच.

गुरुवारी कागदपत्रं जमा झाली. सुनंदा आता बीएड करतेय. मॅडमनी कळवलं, त्या कथेच्या मॉडेल आन्सरमध्ये एक ओळ वाढली आहे: 'पाठातील पुराव्यावर आधारलेला वेगळा अर्थ ग्राह्य धरावा.' मी नवीन वर्गाला माझं जुनं वाक्य सांगितलं आणि ते चूक का होतं तेही. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मग परीक्षेत काय लिहायचं, सर?" मी म्हणालो, दीड पान वर्णन आधी वाच. तो नाराज दिसला.

धडा कोरडा आहे. जो भाग आपण सोडून देतो, अर्थ तिथेच असू शकतो. आणि रागाने फार तर दार उघडतं. आत गेल्यावर पान नंबर लागतो.

पण मी निवांत नाही. सुनंदाने फोटोकॉपी मागितली म्हणून हे कळलं. ज्यांनी मागितली नाही त्यांची दुसरी पानं कुठे आहेत? मॉडेल आन्सर आजही गुप्त असते. ज्याच्यामुळे मुलं नापास होतात, तेच त्यांना बघायला मिळत नाही. तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कुणी एक परीक्षा देणारं असेलच. तुमच्या विद्यापीठाला एक अर्ज लिहा: निकालाबरोबर प्रत्येक पेपरची मॉडेल आन्सर जाहीर करा. एक कागद, चार ओळी, खाली तुमची सही. उद्यावर टाकू नका. आज लिहा.