ट्रॅक्टरच्या पंजाला पाय नव्हते

परवा ताथवड्याला मुलाकडे गेले होते. सोसायटीच्या गेटसमोर खोदाईचं मशीन आलं होतं, अर्धा रस्ता बंद... मागे गाड्यांचे हॉर्न चालू, आणि मी भाजीची पिशवी धरून तिथेच उभी.

मशीनवाल्याने खोदायच्या आधी मागचे दोन लोखंडी पाय बाजूला पसरले आणि जमिनीवर घट्ट टेकवले. मग पंजा खाली घातला. रोज कुठे ना कुठे दिसणारी गोष्ट आहे ही. मी मात्र त्या पायांकडे बघतच राहिले. त्यामागची गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, नवऱ्यालासुद्धा... आज लिहून टाकते.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमचं घर मोशीच्या पुढे, चाकण रस्त्याला. माझा थोरला भाऊ, दादा, भोसरीत एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. एका दुपारी प्रेस हातावर आली आणि त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. नोकरीही गेली. जी भरपाई मिळाली, तिच्यातून त्याने एक छोटा ट्रॅक्टर घेतला.

नांगरायला आमच्याकडे जमीन होती कुठे? पण आजूबाजूला नवे कारखाने उभे राहत होते, जिकडे तिकडे पाइपलाइनसाठी चर खणायचं काम निघत होतं. ट्रॅक्टरला मागे खोदायचा पंजा जोडला की ते काम बसल्या जागी, लिव्हर ओढून करता येतं... आणि लिव्हर डाव्या हातानेही ओढता येते. दादाचं सगळं त्या पंजावर होतं.

मी तेव्हा भोसरीतल्याच एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढायचे. घरातली पहिली डिप्लोमावाली. दादाच्या ओव्हरटाइमवर शिकलेली. त्यामुळे पंजा कोणता घ्यायचा हे मी ठरवणार, यात कुणालाच शंका नव्हती. मला तर मुळीच नव्हती.

पुण्याला एका गोडाऊनमध्ये तयार पंजा बघायला गेलो. किडकिडीत लोखंडी हात, त्याच्या टोकाला माती उचलायची छोटी बकेट, आणि दोन्ही बाजूंना दोन पाय. दादा उकिडवा बसून त्या पायांवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "छबू, ह्ये पाय कशाला असत्याल गं?"

मी म्हटलं, "ट्रॅक्टरवरून काढून ठेवला की उभा राहावा म्हणून." एवढं ठासून म्हटलं, की आजही ते माझं मलाच ऐकू येतं.

तो थोडा घुटमळला. "तू म्हणतीस म्हंजी तसंच आसंल," म्हणाला आणि उठला.

मी खोटं बोलले नव्हते हो... मला खरंच तसं वाटलं होतं. लेथ, ड्रिल, प्रेस, मी काढलेलं प्रत्येक मशीन फाउंडेशन बोल्टने फरशीला आवळलेलं असायचं. मशीन जागचं हलत नाही, हे आम्हा वर्कशॉपच्या लोकांच्या अंगातच मुरलेलं. ट्रॅक्टरला चाकं असतात, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तयार पंजाची किंमत परवडेना, मग आमच्याच वर्कशॉपमध्ये पंजा बनवला. माझं ड्रॉइंग. जाड प्लेट, लांब हात, पुण्याच्या पंजाच्या दीडपट बकेट... आणि पाय नाहीत. तिथल्या मिस्त्रींनी तो स्टँडवर बोल्टने आवळून चालवून बघितला, भंगाराने भरलेलं पिंप अलगद उचललं. दादाने सगळ्यांना पेढे वाटले. डाव्या हाताने.

सोमवारी पहिलं काम होतं, एका नव्या कंपनीच्या कंपाउंडला चर खणायचा. रविवारी सकाळी घरामागे चालवून बघायचं ठरलं. वहिनीने ट्रॅक्टरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

दादाने लिव्हर ओढली. पंजा मातीत पार आत रुतला... आणि माती यायच्या ऐवजी ट्रॅक्टरच मागे सरकला. परत ओढली, पुढची चाकं वर उठली. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ओढ अजून जोरात."

तिसऱ्या वेळी आवाज आला. ट्रॅक्टरचं मागचं बिडाचं हाउसिंग, म्हणजे गिअरवरचं कवच, ज्यावर तो पंजा लटकवला होता, ते आरपार तडकलं. पायांनी जमिनीवर घ्यायचा तो सगळा जोर त्याच्यावर आला होता. काळं तेल गळून त्या हळदकुंकवावर पसरलं. दादाने इंजिन बंद केलं.

तो भाग नवा कुठे मिळाला नाही. वेल्डिंग करून बघितलं, टिकलं नाही. सोमवारी त्या कंपाउंडला टिकाव-फावडी घेऊन माणसं लागली. काही महिन्यांनी दादा त्याच कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसला. अठरा वर्षं बसला.

ट्रॅक्टरचं काय झालं, असं जो जो विचारी त्याला तो सांगायचा, "जमीनच लई कडक निघाली वो. छबूचं डिझाइन एक नंबर व्हतं." आईला हेच, वहिनीला हेच. माझ्या लग्नात सासरच्यांनासुद्धा हेच सांगितलं.

त्या रविवारी संध्याकाळी घरामागे कुणी नाही असं बघून मी टिकाव घेतला आणि त्या जागी घातला. एका घावात वीतभर आत गेला. ओली, भुसभुशीत माती... हाताने उकरता आली असती. मागे वळले तर दादा दारात उभा. त्याने टिकाव माझ्या हातातून काढून घेतला, खड्डा पायाने बुजवला आणि म्हणाला, "चल, च्या झालाय."

दादाला जाऊन आता सहा वर्षं झाली. त्याच्याशी या विषयावर एकदाही बोलायची हिंमत झाली नाही माझी.

दादा, जमीन मऊ होती. तू आयुष्यभर तिला कडक म्हणत राहिलास, म्हणून मी चार लोकांत मान वर करून जगले.