अर्धी थरथर

लढाईच्या त्या हिवाळ्यात मी जबलपूरच्या एका कॉलेजात नुकतीच भौतिकशास्त्र शिकवायला लागले होते. बाबा तोफांच्या कारखान्यात फिटर होते. मला न विचारताच त्यांनी रविवारी कामगारांसमोर माझं क्वांटम क्षेत्र सिद्धांतावर भाषण ठरवलं.

"काहून ठरवलंत?" मी म्हणाले. "गणिताशिवाय हे कसं सांगू?"

"बारा-बारा तास तोफा बनवून राहिलो, बेटा. जरा दुसरं काही ऐकू दे."

चार दिवस मी गणिताशिवायची वाक्यं जुळवत बसले. रविवारी मी सांगितलं, "इलेक्ट्रॉन म्हणजे बारीक गोळी नाही. सगळीकडे एक क्षेत्र पसरलेलं आहे. ते थरथरतं, पण एक, दोन, तीन अशा पूर्ण थरथरींनीच, अर्धी कधीच नाही. त्या एकेका थरथरीला आपण कण म्हणतो."

लेथवर काम करणारे एक म्हातारे टर्नर उठले. त्यांचा मुलगा सीमेवर होता आणि तीन आठवडे पत्र नव्हतं.

"म्हणजे रिकामी जागा कुठेच नसते?"

"नसते," मी म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला आणि मी घाबरले. "पण काका, माणसांबद्दल हे शास्त्र काही सांगत नाही."

"ते समजतं मला, बेटी. अर्धी थरथर काहून नसते, ते सांग."

"पुढच्या रविवारी सांगते," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी मी एक दोरी नेली. एक टोक टर्नर काकांनी धरलं, दुसरं मी. हलवल्यावर दोरीत एक, दोन, तीन असे पूर्ण फुगवटेच टिकत होते, अर्धा नाही. उदाहरण अपुरं आहे, हेही मी सांगितलं. ते मन लावून दोरी हलवत राहिले. मुलाचं पत्र अजून आलं नव्हतं.