येल्मरच्या नावापुढची शांतता

माझा भाऊ हार्म आमच्या फुटबॉल क्लबाचा निवेदक. मैदानावर त्याचा आवाज कालव्यापलीकडे जातो, घरी मात्र मीठ हवं असलं तरी बोटाने दाखवतो. राखीव खेळाडूंच्या बाकाशेजारी, रेषेला लागून त्याचं टेबल. आपल्या संघाची तो फक्त पहिली नावं पुकारतो, आडनावं प्रेक्षक ओरडतात. तो म्हणायचा 'येल्मर...' आणि अख्खा स्टँड गर्जायचा, 'हूक्समा!' मी मागे वाटाण्याचं सूप विकते. येल्मरची आई आल्ट्ये माझ्या काउंटरशी सूप खाता खाता तेवढ्यापुरता चमचा खाली ठेवायची आणि लाजल्यासारखी हसायची.

आमच्या दुसऱ्या श्रेणीत मोसमाचे चार तुकडे पाडतात. एका तुकड्यात पहिले आलात, की वरच्या श्रेणीसाठी झगडायची संधी. आमच्यासारख्या फाटक्या क्लबाला दुसरी वाट कुठली? गेल्या शरदात पहिल्या तुकड्याचा शेवटचा शुक्रवार होता. आमचा सामना बरोबरीत होता आणि आमच्या वरचा संघ तिकडे दुसऱ्या गावात हरत होता. ते हरले तर आम्हाला बरोबरी पुरे होती, नाहीतर जिंकणं भाग होतं.

अगदी शेवटी येल्मर चेंडू आत फेकायला हार्मच्या टेबलापाशी आला.

"काका, तिकडे काय झालं?"

"संपलं! हरले ते. बरोबरी पुरे आपल्याला."

हे हार्मने घड्याळ बघून ठोकून दिलं. शुक्रवारी सगळीकडे आठलाच खेळ सुरू होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिकडे दिवे गेल्यामुळे खेळ उशिरा सुरू झाला होता, याचा त्याला पत्ताच नव्हता. येल्मरने चेंडू फेकून परत मिळवला, कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी नेला आणि वेळ काढत पायात घोळवत बसला. "पुढे मार की, गाढवा!" लोक बोंबलत होते. आमचा खेळ संपला, आणि मग तिकडे त्यांनी गोल करून बरोबरी साधली. पहिला नंबर त्यांचाच राहिला.

येल्मर पत्रकारांना म्हणाला, "माझंच चुकलं." हार्मचं नाव त्याने घेतलं नाही, आणि हार्मनेही तोंड उघडलं नाही. पुढच्या सामन्याला 'येल्मर...' पुकारलं तर स्टँड चिडीचूप. मग हुर्यो उडवणाऱ्या शिट्ट्या सुरू झाल्या. आल्ट्ये सूप तसंच टाकून निघून गेली, ती पुन्हा मैदानावर फिरकली नाही.

हार्मने मला खरं सांगितलं ते माझ्या घरी, जेवताना.

"मग सांग की सगळ्यांना! माइक कुणाच्या हातात असतो, माझ्या?"

"काढून घेतील गं, रुली. त्याच्याशिवाय माझं आहे काय?"

मला इतका संताप आला की त्याच्या ताटातला सॉसेज उचलून मी कुत्र्याला घातला.

जानेवारीत येल्मर दक्षिणेतल्या एका क्लबाकडे गेला. वसंतात तो आमच्याच मैदानावर पाहुणा म्हणून आला. पाहुण्यांची नावं आडनावासकट, सपाट आवाजात वाचून टाकायची रीत. हार्म तशीच वाचत होता. मग थांबला.

"येल्मर..."

शिट्ट्यांनी कान किटले. मी काउंटर सोडून खाली टेबलापाशी धावले. हार्मने माइक जवळ ओढला.

"त्याला बरोबरी पुरे म्हणून मी सांगितलं होतं," तो माइकवर म्हणाला. "माझ्या सांगण्यावरून त्याने चेंडू कोपऱ्यात अडवून धरला. येल्मर..."

शिट्ट्या थांबल्या. मीच ओरडले, "हूक्समा!" माझा आवाज फाटला. मग एका कोपऱ्यातून आलं, मग सगळीकडून. पोटभर ओरडून झाल्यावर त्यांनी शिट्ट्या हार्मसाठी वाजवल्या.

पुढे खेळात येल्मर चेंडू फेकायला त्याच टेबलापाशी आला. चेंडू अंगातल्या शर्टाला पुसत म्हणाला,

"आई आली नाहीये, काका. बोलावलं होतं मी."

हार्मने माइक माझ्या हातात दिला, कोट उचलला आणि खेळ चालू असतानाच सायकल काढली. आल्ट्येच्या घराकडे.